खड्ड्यातली नवरी

आमच्या अखमीमच्या भाजीबाजारात डाव्या हाताला एक कठडा आहे आणि त्या कठड्यावरून एक बाई बाजाराकडे बघत असते. नवखा माणूस तिला पाहून दचकतो. आम्ही नाही दचकत. ती कुठल्याशा फॅरोच्या घरातली राणी आहे, अंगाने चुनखडीची, उंचीने तीन मजली. शाळेच्या पायासाठी खणायला घेतलं तेव्हा ती सापडली आणि पुढे तिला त्याच खड्ड्यात उभं केलं. म्हणून रस्त्यावरून तिचा मुकुट, चेहरा आणि खांदे तेवढे दिसतात. बाकीच्या मूर्ती खाली तिच्या आजूबाजूला उघड्यावरच मांडल्या आहेत. वर छप्पर नाही, भोवती कुंपण, दारात तिकीट. गावात तिला सगळे नवरी म्हणतात. टोमॅटो निवडताना मी रोज तिच्याकडे एक नजर टाकते, पण खाली मी कधी उतरले नव्हते. शेजारणीच्या घरात कोण तिकीट काढून जातं?

माझी आई तफीदा, आमची अम्मा, मात्र त्या रस्त्यानेच कधी जायची नाही. मागच्या विणकरांच्या गल्लीतून, गटार ओलांडून, लांबून वळसा घालून बाजारात यायची. विचारलं की म्हणायची, "त्या रस्त्याला धूळ फार." जशी काही आमच्या मागच्या गल्लीत गुलाबपाणीच शिंपडलेलं असतं.

पण हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ हरीदी आणि त्याची दाढी.

हरीदीला पहिला मुलगा झाला. नाव ठेवलं दियाब. सातव्या दिवसाचा सोहळा होता. बाळाला चाळणीत घालून हलवायचं होतं, त्याच्या कानाशी खलबत्ता वाजवायचा होता, गल्लीतली पोरं मेणबत्त्या घेऊन दारात जमली होती. हरीदी आनंदाच्या भरात न्हाव्याकडे गेला, गुळगुळीत दाढी करून, अत्तर चोपडून आला आणि थेट बाळंतिणीच्या खोलीत घुसला. अम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "थांब! तिला बाहेर येऊ दे आधी, मेल्या!" तोवर त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता.

ताजी दाढी केलेला पुरुष, कच्चं मांस, वांगी, नाहीतर मयतीवरून आलेलं माणूस सरळ बाळंतिणीपुढे गेलं की तिचं दूध आटतं. मुशाहरा होतो. आईने बाळाला घेऊन बाहेर यावं, त्याला भेटावं, मग त्याने आत जावं. हे आमच्याकडे मांजरांनासुद्धा माहीत आहे. हरीदीलाही माहीत होतं, पण बाप झाल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरंच दूध आटलं. मला विचाराल तर त्यात दाढीचा दोष कमी आणि अम्माच्या जिभेचा जास्त. हरीदीची बायको इनशिराह नदीपलीकडच्या खेड्यातली, अजून अंगाने पोरसवदा, मोठ्याने कुणी बोललं तरी हातातला पेला सांडणारी. अम्मा उठताबसता तिला विचारायची, "कबुतराचं सार प्यालीस, दूध यावं म्हणून मुघातचे पेलेच्या पेले रिचवलेस, गेलं कुठं सगळं?" अशा घरात म्हैससुद्धा आटेल. डब्याचं दूध बाळ ओकून टाकत होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं, अंगावर लावत राहा, आणि बाळाच्या आईला शांत ठेवा. आमच्या घरात आणि शांत!

आता यातली खरी गंमत ऐका. माझी तिसरी मुलगी नवारा दहा महिन्यांची. मला दूध इतकं, की दियाब शेजारच्या खोलीत रडला तरी इकडे माझा झगा भिजायचा. मी म्हटलं, "आण त्याला इकडं. मी पाजते."

अम्मा दारात आडवी झाली. "हात लावून तर बघ! तू पाजलंस की हा नवाराचा भाऊ झाला."

"मग होऊ दे की."

"आणि लग्न? खलफबरोबर फातिहा वाचून शब्द देऊन बसलेय मी!"

खलफ म्हणजे माझा सासरा आणि अम्माचा सख्खा भाऊ. इनशिराहला पाचवा महिना लागला तेव्हाच या दोघा बहीणभावंडांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं, की मुलगा झाला तर नवारा त्याची. नदीकाठची जमीन घरातल्या घरात राहते ना! आणि एकाच अंगावर प्यालेली पोरं भावंडं होतात. त्यांचा निकाह जगात कुठलाही काझी लावत नाही.

"नवरी नवऱ्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी आहे, अम्मा."

"लग्नात दात कोण मोजतंय?"

"बरं, चारदाच पाजते. काही शेख म्हणतात, पाचदा पाजलं तरच नातं लागतं."

"आपला शेख म्हणतो एक घोट पुरे. तुझे शेख ठेव तुझ्याकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! वीस वर्षांनी व्हायच्या लग्नासाठी आठवड्याचं पोर उपाशी. मी रागाने घरी निघून जायचे, तासाभराने पुन्हा यायचे. इनशिराह भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. हरीदी दारापाशी उकिडवा बसलेला, हनुवटीवर खुंट वाढलेले, आत पाय टाकायची हिंमत नाही. पण गुरुवारी संध्याकाळी दियाबचा आवाज बारीक झाला. तो रडायचाच कमी झाला. तोवर मला राग होता, तेव्हा मात्र भीती वाटली.

भीती अम्मालाही वाटली असावी, कारण तीच म्हणाली, "नवरीकडे नेऊ या हिला."

हा जुना उपाय आहे. बाळंतिणीचं तोंड झाकून तिला जुन्या दगडी माणसांपाशी न्यायचं, अगदी पायांपाशी उभं करायचं आणि मग एकदम डोळ्यांवरची शाल ओढायची. एवढं थोरलं काही अचानक समोर आलं की माणूस दचकतो आणि अंगात जे अडलेलं असतं ते सुटतं. वेळ शुक्रवारची, पुरुष नमाजाला गेलेले असताना.

"उद्या तू घेऊन जा हिला," अम्मा म्हणाली.

"तू पण चल."

"माझे गुडघे..."

"गटार ओलांडताना बरे चालतात गुडघे. तू येणार नसशील तर मीही नाही जायची."

अम्माचा चेहरा उतरला. आमच्या गल्लीत कसायाला रडवलेली बाई ही. एका दगडापुढे जायचं तर ही का कचरावी, हे मला कळेना. पण शेवटी हो म्हणाली.

शुक्रवारी हरीदीने आम्हाला दारापाशी सोडलं आणि समोरच्या मशिदीत गेला. खुत्बा, शुक्रवारचं प्रवचन, सुरू झाला होता. राखणदार बिशायकाका ख्रिस्ती, म्हणून शुक्रवारी दुपारी दारावर त्यांचीच पाळी असते. त्यांनी इनशिराहच्या तोंडावरची शाल बघितली, माझ्या हातातलं दियाबचं गाठोडं बघितलं आणि बाकी सगळं ओळखलं.

"मुशाहरा?"

"हो काका. ह्याच्या बापाची दाढी."

"आमच्या सुनेला वांगी बाधली होती. तिकिटाचं राहू दे. पायऱ्या तेवढ्या सांभाळा, नाहीतर नवरी दिसायच्या आधीच दचकेल ही." मग आईकडे वळून म्हणाले, "हरीदीच्या आई, तुम्ही बऱ्याच वर्षांनी?"

अम्माने पदर पुढे ओढला आणि पायऱ्या उतरायला लागली.

खाली उतरताना बाजार वर वर गेला. आधी गाढवांचं ओरडणं गेलं, मग भाजीवाल्यांचे आवाज, शेवटी धूळही वरच राहिली. खाली गार होतं. दोन्ही बाजूंना दगडी माणसं होती. कुणाला डोकं नाही, कुणी फक्त गुडघ्यावरचे दोन हात, एक जण नुसताच बसलेला, नाक गेलेलं तरी ऐटीत. गवत त्यांच्या बोटांमधून उगवलं होतं. इनशिराहचा हात माझ्या हातात घामाने ओला झाला होता. अम्मा पुढे होती आणि सारखी जमिनीकडे बघत होती.

नवरीच्या पायांपाशी आम्ही थांबलो. पायांची बोटं आमच्या घरी उन्हात पीठ फुगवून केलेल्या भाकरीएवढी एकेक. मी शाल ओढली, आणि इनशिराहच्या आधी मीच वर पाहिलं.

मी काय सांगू? जिला मी रोज टोमॅटोच्या ढिगावरून बघत होते ती ही नव्हती. पायघोळ वस्त्राच्या चुण्या माझ्या डोक्यावरून वर निघाल्या होत्या आणि वर जातच होत्या. मांडी, कंबर, छातीशी धरलेला हात, गळ्यातल्या हाराच्या ओळींवर ओळी, कानांत गोल कुड्या, आणि त्याच्याही वर, आभाळाला लागून, तो चेहरा. ओठांवर लाल रंगाचा अंश अजून होता. हजारो वर्षं मातीत झोपून उठलेली बाई, आणि ओठ रंगवलेले! मान मागे टाकून टाकून दुखायला लागली तरी मला खाली बघवेना. एक गोष्ट मला तेव्हाच कळली, की ती बाजाराकडे बघत नाही. कधीच बघत नव्हती. तिची नजर आमच्या गाड्यांवरून, घरांच्या गच्च्यांवरून, मनोऱ्यावरून पलीकडे कुठंतरी लागलेली होती. आम्ही आपले उगाच तिच्या वाटेत येऊन भाजी विकत होतो. मला वाईट नाही वाटलं. उलट इतकं हलकं वाटलं, की आपण एवढेसे आहोत हे कुणीतरी न रागावता सांगितलं.

"दचकली का?" अम्माने विचारलं. मान अजून खालीच.

"नाही, अम्मा," इनशिराह म्हणाली.

"नाही म्हणजे? दचकायला आणलंय तुला! नीट वर बघ."

"बघतेय. पण भीतीच वाटत नाहीये." इनशिराह हसली. आठवड्यात पहिल्यांदा. "किती सुंदर आहे ही. आणि इतकी मोठी असून कुणावर रागावलेली नाही. तुम्ही बघा ना."

मोठ्या माणसाला कधी उलटून न बोललेली पोर हे म्हणाली आणि अम्माने तिचं ऐकलं, ही त्या दिवसाची पहिली नवलाची गोष्ट. अम्माची नजर आधी दगडी बोटांवर गेली, मग घोट्यावर, मग हळूहळू वर. चेहऱ्यापाशी पोचली आणि तिचे गुडघे खरंच गेले. ती मटकन खाली बसली.

"उभी केली हिला," ती पुटपुटली. "या अल्लाह, खरंच उभी केली."

"अम्मा, पंचवीस वर्षं उभी आहे ती. सगळा गाव बघतो."

"मी नाही बघितली. मी बघितली ती पडलेली." अम्मा सांगू लागली. "तुझ्यानंतर मला आठ वर्षं काही झालं नाही. तुझ्या बापाच्या घरचे दुसरी बघायला लागले होते. तेव्हा ही सापडली. इथंच, चिखलात अर्धी रुतून उताणी पडलेली. शुक्रवारच्या नमाजाला बायका लपून आल्या, हिला ओलांडायला. ओलांडलं की कूस उजवते म्हणायच्या. सगळ्या उंच, एका टांगेत ओलांडून गेल्या. मी बुटकी. मला कुठूनच जमेना. मग जिथं बूड टेकून चढता येईल तिथून चढले." ती माझ्याकडे वळली. "सनिय्या, मी हिच्या गालावर पाय दिला. चपलेचा पाय. वर्षाच्या आत हरीदी झाला. आणि मग एक दिवस ऐकलं की तिला उभी करणार आहेत. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने त्या रस्त्याने जायचं?"

मला हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. पण मी पुन्हा वर पाहिलं. तो गाल आमच्या घराच्या गच्चीपेक्षा उंचावर होता, उन्हात उजळलेला. आणि माझी बुटकी आई, चिखलाने भरलेल्या चपलेने, रडत रडत त्याच्यावर चढतेय, नवरा दुसरी बायको आणील म्हणून. माझ्या आईला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असं वाटलं.

"रागावली नसेल ती," इनशिराह म्हणाली.

तेवढ्यात दियाब रडला. रडला कसला, मांजराचं पिल्लू गाठोड्यात अडकावं तसा आवाज. इनशिराह मूर्तीच्या सावलीत बसली, त्याला छातीशी लावलं. त्याने दोनदा ओढलं, तोंड फिरवलं, आणि पुन्हा तोच आवाज. माझ्या झग्यावर दोन ओले डाग पसरले. मी शाल ओढून घेतली, पण अम्माने पाहिलं होतं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं.

"मी हिच्या तोंडावर पाय दिला," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तरी हिनं मला पोर दिलं. अस्तगफिरुल्लाह, माफी असो, देणारा अल्लाह, ही कोण! पण दिलं तर खरं. आणि मी माझ्याच नातवाच्या तोंडचं अडवून बसलेय, जमिनीच्या दोन तुकड्यांसाठी." तिने इनशिराहच्या मांडीवरून बाळ उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "घे. पाज."

"अम्मा, एक घोट गेला की संपलं. पुन्हा मागे नाही घेता यायचं."

"पाज म्हणते ना!"

"खलफमामाला काय सांगशील?"

"माझा भाऊ आहे, मी बघीन. तू आधी पाज, पोर मरतंय!"

मी इनशिराहकडे पाहिलं. बाळ तिचं होतं. ती रडत होती, पण मान हलवून हो म्हणाली. बिशायकाका पायऱ्यांवरून खाली बघत होते. ते न बोलता उठले आणि पाठ करून दारापाशी जाऊन उभे राहिले. मी राणीच्या पायाला टेकून बसले, दगड पाठीला गार लागला, आणि दियाबला घेतलं.

तो असा तुटून पडला, की मीच दचकले. गुटगुट, गुटगुट. तो आवाज त्या खड्ड्यात ऐकू येत होता. वर खुत्बा संपून नमाज सुरू झाली होती, शेकडो माणसं एकदम वाकली असतील, पण आमच्या कानांत फक्त त्या एवढ्याशा घशाचा आवाज. मी डोळे वर केले. ती आमच्यावरून पलीकडे बघतच होती. तिच्यापुढे आम्ही मुंग्याच असू, पण मला त्या क्षणी वाटलं, की मुंगीचंही काही मोठं असतं.

"अम्मा," इनशिराह एकदम म्हणाली. "अम्मा, हे बघा."

तिच्या झग्यावर छातीपाशी ओलं झालं होतं. बघता बघता डाग नाण्याएवढ्याचा भाकरीएवढा झाला. तिने गडबडून हात ठेवला तर बोटांमधून ठिबकलं. ती हसत होती आणि रडत होती. मी दियाबला सोडवलं, तो चिडून ओरडला, आणि मी त्याला तिच्याकडे दिलं. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही.

मी झगा सारखा केला. माझी जीभ काही मला स्वस्थ बसू देत नाही. मी म्हटलं, "अम्मा, पाव तास धीर धरला असतास तर लग्न वाचलं असतं."

मला वाटलं, ही आता कपाळ बडवून घेईल. पण अम्मा दियाबच्या हलणाऱ्या गालाकडे बघत होती.

"संध्याकाळी ये पुन्हा," ती म्हणाली. "उद्याही ये. दोघी पाजत जा त्याला."

"आता कशाला? तिला आलंय की."

"लग्न तर गेलंच. आता भाऊ तरी पक्का होऊ दे." तिने नाक पुसलं. माझ्या प्रत्येक मुलीच्या वेळी "चालायचंच, पुढच्या खेपेला बघू" म्हणणारी माझी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिन्ही पोरींना भाऊ नाही. उद्या कुणी त्यांना एका घोटाचा भाऊ म्हणून हिणवायला नको."

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि दोघींनी मिळून त्या हलणाऱ्या गालाकडे बघितलं.